‘टोल्ड दॅट’ का खटकतं?

प्रश्न असा आला आहे: हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या वाचकाने मेलमध्ये ‘ही टोल्ड दॅट द बिल्ड इज रेडी’ असं लिहिलं. टीम लीडने ‘टोल्ड’ कापून ‘सेड’ केलं. अर्थ एकच असताना चूक कुठे झाली, आणि त्यातलं ‘दॅट’ गाळलं तर चालतं का?

टीम लीडने केलं ते बरोबर. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लगेच पुढे लागतो: ‘टोल्ड मी दॅट’, ‘टोल्ड द क्लायंट दॅट’. ‘से’ला लागत नाही, आणि आणायचाच झाला तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो. ‘टोल्ड दॅट’ आणि तिची जुळी बहीण ‘सेड मी दॅट’ सदाशिव पेठेतल्या क्लासपासून बाणेरच्या मीटिंगपर्यंत रोज कानावर पडतात आणि दर वेळी खापर बिचाऱ्या ‘की’वर फुटतं. म्हणे मराठी माणूस ‘की’चं भाषांतर करतो म्हणून चुकतो. हे साफ खोटं निदान आहे. ‘की’च्या जागी ‘दॅट’ चपखल बसतं. दुखणं आहे ‘ला’ या प्रत्ययात.

‘मला म्हणाला’, ‘मला सांगितलं’, ‘मला समजावलं’, ‘मला सुचवलं’. चारही ठिकाणी एकच ‘ला’. शिवाय ‘त्याने सांगितलं की काम झालं’ यात ऐकणारा नसला तरी वाक्याचं काही अडत नाही. इंग्रजीने मात्र या मंडळींची वाटणी करून टाकली आहे. टेल, इन्फॉर्म, रिमाइंड, अश्युअर, कन्व्हिन्स यांना माणूस थेट हवा, म्हणून ‘इन्फॉर्म्ड दॅट’ही चूक. से, एक्स्प्लेन, सजेस्ट, मेन्शन, अनाउन्स, अॅडमिट यांना माणूस चालतो तो ‘टू’ घेऊनच, म्हणून ‘एक्स्प्लेन्ड मी दॅट’ चूक आणि ‘एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’ बरोबर. ‘प्रॉमिस’ माणूस घेऊनही चालतं आणि न घेताही. क्रियापद पाठ करताना त्याच्या पुढचा शब्दही सोबत पाठ करावा. नुसतं ‘टेल म्हणजे सांगणे’ एवढंच वहीत उतरवलं की पुढची चूक ठरलेलीच.

पण ‘टेल’लाच माणूस इतका का चिकटतो? कारण ‘टेल’ हे मुळात मोजणीचं क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मोजणे असाही होता आणि कथन करणे असाही. बँकेतला ‘टेलर’ म्हणजे नोटा मोजून देणारा. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळं धरून, एकूण. ‘अनटोल्ड वेल्थ’ ही न सांगितलेली संपत्ती नव्हे, अगणित संपत्ती. जर्मनमध्ये ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणे. फ्रेंचमध्ये मोजणे आणि गोष्ट सांगणे यांसाठी ‘कोंते’ हा एकच उच्चार आहे. लिहायला दोन निराळे शब्द असले तरी दोन्ही लॅटिनच्या ‘कॉम्प्युटारे’तून आलेले, आणि ‘कॉम्प्युटर’ही त्याच घरचा. आता संस्कृत बघा: ‘ख्या’ धातूपासून ‘आख्यान’ आणि ‘आख्यायिका’, त्याच धातूपासून ‘संख्या’! गणित आणि गोष्ट एका मुळाशी जाऊन भेटतात हे कळलं की शाळेतल्या संख्यारेषेकडेही वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं.

माझं मत असं की ‘टेल’ची ही जुनी मोजणी त्याच्या आजच्या रचनेतही शिल्लक आहे. पैसे मोजून द्यायचे तर समोर हात लागतो. ‘टेल’लाही तसाच घेणारा लागतो. व्याकरणकार यावर नाक मुरडतील, व्युत्पत्तीवरून आजची वाक्यरचना ठरत नाही म्हणतील. ते विचारतील, मग ‘टेल द टाइम’मध्ये माणूस का लागत नाही? कारण तिथे मोजलेली वस्तू स्वतःच हजर आहे, घड्याळातले तास! ‘टेल द ट्रूथ’, ‘टेल अ स्टोरी’ यांतही द्यायची चीज नाम म्हणून समोर आहे. मराठी ‘सांगणे’ची वाट निराळी. जैन आचार्य हेमचंद्राने १२व्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘कथ्’ (सांगणे) या धातूच्या जागी येणाऱ्या क्रियापदांची यादी दिली आहे, तीत ‘संघ’ आहे आणि ‘बोल्ल’ही आहे. त्यांतून ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’. ‘म्हणणे’ आलं ‘भण्’पासून. आजच्या या तिघांत मोजणीचा अर्थ कुठेच नाही. ‘टेल’ आणि ‘सांगणे’ यांची बरोबरी मुळातच जुळणारी नव्हती.

गाइडवाल्यांनी त्यात भर घातली. ‘सेड टू दिसलं की टोल्ड करा’ हे सूत्र वर्षानुवर्षं घोकून घेतात. परीक्षेतल्या वाक्यात ‘टू’ छापलेला असतो, तिथे सूत्र चालतं. मेल लिहिताना तो ‘टू’ कोण छापून देणार? मुलाच्या डोक्यात उरतं एवढंच की अप्रत्यक्ष बोलणं आलं की ‘टोल्ड’. ‘दॅट घातलंच पाहिजे’ हा त्यांचा दुसरा हुकूमही तितकाच निराधार. बोलण्यात से, थिंक, नो आणि ‘टेल मी’ यांच्या पुढचं ‘दॅट’ सर्रास गळतं. एक्स्प्लेन, अनाउन्स, सजेस्ट आणि व्हिस्पर, शाउट यांच्या पुढे ठेवलेलं बरं. मध्ये वेळेचा शब्द आला तर ठेवाच. ‘द मॅनेजर सेड ऑन मंडे द ऑफिस वुड बी क्लोज्ड’ यात मॅनेजर सोमवारी बोलला की ऑफिस सोमवारी बंद? ‘मंडे’नंतर ‘दॅट’ घाला, बोलणं सोमवारचं. ‘सेड’नंतर घाला, सुट्टी सोमवारची. उच्चारही सांभाळा. हे ‘दॅट’ हलकं असतं, जवळजवळ ‘दट’. ठासून ‘दॅट’ म्हटलं की बोट दाखवल्यासारखं वाटतं, आणि तो या शब्दाचा मूळचा अर्थ आहेच.

याहून मोठा घोळ सर्वनामांचा. ‘तो म्हणाला की मी उशिरा येतो’ यातला ‘मी’ म्हणजे तोच. मराठीत ‘की’पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात. शिवकाळातल्या पत्रांत ‘आज्ञा केली ऐसी जे’ म्हणून पुढे मजकूर येतो, तीच ही चाल. इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल कम लेट’ लिहिलंत तर उशीर तुमच्या नावावर चढतो. ‘ही सेड दॅट ही वुड कम लेट’ लिहा. तो अजून यायचा असेल तर ‘विल’ही चालेल, ‘आय’ मात्र नाही.

‘आस्क’ने प्रश्न विचारला असेल तर ‘दॅट’ नको, तिथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. ‘सजेस्ट दॅट’पुढे क्रियापद साधं ठेवा, ‘दॅट ही गो’. ब्रिटिश वळण हवं तर ‘शुड गो’. आणि मराठीत ‘म्हणाला, की’ असा स्वल्पविराम देणारे पुष्कळ आहेत, जर्मनमध्ये तर ‘की’साठीच्या ‘दास’च्या आधी तो द्यावाच लागतो, इंग्रजीत ‘सेड’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये देऊ नका.