४५ अंश अक्षांशावरून नॉर्दर्न लाइट्स दिसतात का? ॲपवर केपी ७ होता, तरी रात्रभर काहीच का दिसलं नाही?

दिसतात. पण तुम्ही केपीवर भिस्त ठेवलीत, तिथेच फसगत झाली. माझी पहिली रात्रही अशीच वाया गेली होती. केपी ८ चा अंदाज वाचून उघड्या माळावर जाऊन बसलो आणि पहाटे कुडकुडत परतलो.

केपी ही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीची, जगभरच्या नोंदींवरून काढलेली तीन-तीन तासांची गोळाबेरीज, ० ते ९ अशी. ती चढलेली दिसते तोवर बरंचसं होऊन गेलेलं असतं. 'उद्या केपी ७' हा तर नुसता अदमास. सूर्यावरून सीएमई, म्हणजे भारित कणांचा प्रचंड लोट, सुटला की तो दिसतो आणि साधारण एक ते तीन दिवसांत पोचेल असं सांगता येतं. त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र कुठे तोंड करून आहे, हे मात्र इतक्या लांबून ओळखता येत नाही. खरी मेख इथे आहे. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे राहिलं तर लोट कितीही मोठा असो, आकाश बहुधा कोरंच. तुमच्या रात्री असंच झालं असावं.

ही दिशा 'बीझेड' या आकड्यातून कळते. पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारे भारित कण, मोजणारी यानं आहेत, ती तो देतात. वेगवान लोटाला तिथून इथवर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. आपल्या हातात खात्रीचा वेळ तेवढाच. बीझेड उणे १५ नॅनोटेस्लाच्या खाली उतरून टिकून राहिला आणि सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ६०० किलोमीटरच्या वर असला, तरच मी घराबाहेर पडतो. शून्याच्या आसपास हेलकावे खात असेल तर खुशाल झोपतो.

बाहेर पडल्यावर डोक्यावर हिरवे पडदे शोधू नका. हिरवा प्रकाश मुख्यतः १००-१५० किलोमीटर उंचीवरचा, लांबून तो पृथ्वीच्या वक्रतेआड जातो. लाल प्रकाश त्याच्या बराच वर, काही वेळा ४०० किलोमीटरपर्यंत असतो. तेवढ्या उंचीवरचं काही दोन हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर राहतं. त्यामुळे आपल्या वाट्याला येते ती उत्तरेला, खाली, मळकट लाल झाक. अंधारात डोळ्यांना लाल रंग नीट कळत नाही, म्हणून ती नुसती राखाडीही वाटते. शंका आली की फोन तिवईवर लावून दहा सेकंदांचा फोटो काढा. फोटोत लाल-गुलाबी उभे पट्टे आले तर तेच. नारिंगी पिवळट उजेड बहुतेक शहराचा असतो.

आणि धीर धरा. जोर दहा-वीस मिनिटांचा असतो, मग सगळं विझल्यासारखं होतं, तास-दोन तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते. (निम्मे लोक नेमके मधल्या वेळात घरी जातात.) १० मे २०२४ च्या रात्रीसारखं वादळ, जेव्हा फ्लोरिडातूनही आकाश रंगलं होतं, त्याला यातलं काही लागू नव्हतं, तेव्हा नुसतं वर बघायचं होतं. त्या तोडीचं आधीचं वादळ थेट ऑक्टोबर २००३ मधलं, तेव्हा त्याच्या भरवशावर बसू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: तुमचे ४५ अंश कुठले? मिनियापोलिस आणि मिलान नकाशावर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण भूचुंबकीय ध्रुव उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला असल्याने मिनियापोलिसला हे पुष्कळ सोपं जातं. तुम्ही युरोपात असाल तर माझी उणे १५ ची अट तुम्हाला कमीच पडेल, उणे २० धरा.