चावी हातात, ओसीचा पत्ता नाही: राहायचं की विकायचं?

प्रश्न: २०२२ मध्ये आम्ही डोंबिवली पूर्वेला, २७ गावांच्या पट्ट्यात, ४६ लाखांचा वन बीएचके बुक केला. करार नोंदणीकृत आहे. त्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३ आहे. ४४ लाख भरून झाले. एप्रिल २०२४ मध्ये बिल्डरने ‘फिट-आउट’साठी म्हणून चावी दिली आणि आम्ही राहायलाच आलो. पाणी टँकरचं, सोसायटीचा पत्ता नाही. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेची परवानगी) मागितल्यावर त्याने एक कागद दिला, तो सोबत जोडलाय. आता ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतोय. मिस्टर म्हणतात, मिळेल त्या भावात विकू आणि बदलापूरला जाऊ. काय करावं?
(एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर: आधी तुम्ही जोडलेल्या कागदाबद्दल. वर ठळक अक्षरांत ‘कम्प्लिशन सर्टिफिकेट’ लिहिलंय, खाली गोल शिक्का आहे. पण लेटरहेड आर्किटेक्टचं आहे, सहीही त्याचीच. महापालिकेचा जावक क्रमांक कुठेच नाही. ही ओसी नव्हे. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली असं बिल्डरच्या आर्किटेक्टने दिलेलं हे प्रमाणपत्र आहे, आणि ते ओसीच्या अर्जासोबत जोडायचं असतं. तो अर्ज महापालिकेत खरंच दाखल झालाय का, हेसुद्धा या कागदावरून कळत नाही.

‘फिट-आउट’ची चावी ही मधल्या मध्ये काढलेली पळवाट. फर्निचर करून घ्या म्हणायचं, लोक सामान घेऊन राहायला येतात, आणि बिल्डर ताबा दिला म्हणून मोकळा. १९६३ च्या मोफा कायद्याचं (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा) कलम ३ सांगतं की पालिकेच्या प्रमाणपत्राशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये आणि घेणाऱ्यानेही घेऊ नये. म्हणजे थोडी चूक तुमच्याही पदरात आहे. हे आत्ताच सांगतो, कारण समोरचा वकील ते काढणारच. पण त्याला उत्तर आहे: ओसीशिवायचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने ताबाच नव्हे, त्यामुळे उशिराचं मीटर १ जानेवारी २०२४ पासून चालूच आहे.

विकायचं की राहायचं, हे मात्र आज ठरवू नका. ओसी का अडकली आहे ते कळल्याशिवाय तो निर्णय घेता येत नाही. बहुतेक ठिकाणी कारण साधं असतं: अग्निशमनचा अंतिम दाखला बाकी, विकास शुल्काचा हप्ता थकलेला, रस्त्याची जागा पालिकेला दिलेली नाही. हे सुटतं. कधी वर एखादा मजला जास्त चढवलेला असतो, ते सुटायला कठीण. आणि कधी मूळ बांधकाम परवानगीच बनावट असते. मग ओसी कधीच येणार नाही.

ही तिसरी शक्यता तुमच्या भागात कल्पनेतली नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींना खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराचे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे) नंबर मिळाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. त्यात राहणाऱ्यांकडेही नोंदणीकृत करार होते, बँकेचं कर्ज होतं. शिवाय २७ गावांचा इतिहासच असा की कागद कोणी दिला हे सामान्य माणसाला उमगत नाही. १९८३ मध्ये गावं महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आत. या काळात परवानगी देणारं कार्यालय बदलत गेलं. असल्या गोंधळात बनावट शिक्का सहज खपतो.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. महारेराच्या संकेतस्थळावरून तुमच्या प्रकल्पाची बांधकाम परवानगी उतरवून घ्या. त्यावरचा क्रमांक आणि तारीख माहिती अधिकाराच्या अर्जात घालून महापालिकेच्या नगररचना विभागाला विचारा: ही परवानगी तुमच्या दप्तरी आहे का, किती मजल्यांची आहे, ओसीचा अर्ज आला का, आला असेल तर त्रुटीचं पत्र काय निघालं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फाइल प्रत्यक्ष बघायलाही मागा. ते काम बऱ्याचदा लवकर होतं आणि टिपणी वाचली की खरं काय ते कळतं.

त्रुटी सुटण्यासारखी निघाली तर घर सोडू नका. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली विलंबाचं व्याज मागा. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेने कर्जासाठी ठरवलेला आधार व्याजदर) २ टक्के जास्त. हिशेबापुरते १० टक्के धरले, तरी तुमच्या ४४ लाखांवर महिन्याला साडेछत्तीस हजारांच्या वर जातं. सोबत ओसी आणण्याचा आणि सोसायटी नोंदवण्याचा आदेशही मागा. अर्ज ऑनलाइन, शुल्क ५ हजार. त्रुटी सुटणारी नसेल तर त्याच कलमाखाली सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात. परवानगीच खोटी निघाली तर जोडीला फसवणुकीची फौजदारी तक्रारही करा, त्यात दिवस घालवू नका.

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. भरलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोग पुरेल. ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि तो दोष रोज नव्याने घडत राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात म्हटलं. ओसी नसल्याने तिथले रहिवासी २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत होते. पण एकाच मागणीसाठी दोन दारं ठोठावू नका. मी तुमच्या जागी असतो तर रेरा निवडला असता. एक कडू गोष्टही ऐकून ठेवा: आदेश मिळेल, वसुली रेंगाळेल. रेराची वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, आणि तिथे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. म्हणून मजल्यावरचे पाच-सहा शेजारी सोबत घ्या. कर्जाचा हप्ता मात्र थांबवू नका. बँकेचं आणि तुमचं नातं वेगळं, सिबिल खराब झालं तर बदलापूरच काय, कुठेच घर मिळायचं नाही.

मिस्टरांचा राग समजतो. पण ओसी नाही हे लपवून विकलंत, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे उद्या तुम्हीच आरोपीच्या जागी उभे. सांगून विकलंत, तर घेणाऱ्याला बँक सहजी कर्ज देणार नाही आणि भाव पडेल तो वेगळा.

बदलापूर वाईट नाही, माझे अर्धे अशील तिथेच राहतात. पण २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती, ते विसरू नका. नदीच्या बाजूला बघत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. ‘रिव्हर व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर आधी तो नकाशा, मग गॅलरी. आणि सॅम्पल फ्लॅट रविवारी बघू नका. मे महिन्यात भर दुपारी जा, शेजारच्या राहत्या इमारतीच्या वॉचमनला विचारा की दिवसाला टँकर किती येतात. जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून ७ मिनिटं’ रिक्षाची रांग धरून स्वतः मोजा. बाकी नव्या घराला एकच अट: ओसी आलेली इमारत. भाव थोडा जास्त पडेल, चालेल.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. चावी अडवीन, पाणी तोडीन अशी धमकी आली तर ती व्हॉट्सअपवर लेखी येऊ द्या. आणि तो आर्किटेक्टचा कागद जपून ठेवा. मागच्या बाजूला तो कोणी, कोणत्या तारखेला, ‘ही ओसी’ म्हणून दिला ते आजच लिहून टाका. तक्रारीला जोडायचा पहिला पुरावा तोच.