गाण्याच्या व्हिडिओत कर्ता कोण?

म्युझिक व्हिडिओंमधून स्त्री आणि पुरुष यांचे जे चित्रण होते, त्याविषयी या सदरासाठी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. सर्वाधिक पत्रांचा रोख कपड्यांवर होता, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

प्रश्न : माझी 13 वर्षांची मुलगी सतत गाण्यांचे व्हिडिओ पाहते आणि आरशासमोर तशीच नाचते. त्यांतील तोकडे कपडे पाहून मला संकोच वाटतो. असे अश्लील व्हिडिओ तिला पाहू द्यावेत का?

उत्तर : आपला संकोच मला समजतो, परंतु 'अश्लील' या शब्दाने हा प्रश्न सुटत नाही. कपडा किती, यावर बोट ठेवले की सगळी चर्चा मुलीच्या लाजेपाशी येऊन थांबते आणि व्हिडिओ करणारे मात्र नामानिराळे राहतात. नखशिखान्त वस्त्रे ल्यालेली स्त्रीही व्हिडिओत निव्वळ शोभेची वस्तू असू शकते आणि तोकड्या पोशाखातील नर्तिका त्या दृश्याची पूर्ण स्वामिनी असू शकते. म्हणून मी शाळेतल्या व्याकरणाचा आधार घेतो. प्रत्येक दृश्य हे एक वाक्य आहे असे समजावे आणि त्या वाक्यात कर्ता कोण व कर्म कोण, एवढेच पाहावे.

एक सरधोपट व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. गायक दार ढकलून आत येतो, कॅमेरा कमरेखालून वर रोखलेला असल्यामुळे तो आहे त्याहून उंच दिसतो, आणि पहिल्याच ओळीला तो थेट आपल्या डोळ्यांत पाहून गाऊ लागतो. स्त्रीचा प्रवेश होतो तेव्हा आधी टाच दिसते, मग पोटरी, मग कंबर, मग ओठ. पूर्ण चेहरा दिसेपर्यंत धृपद एकदा होऊन गेलेले असते. ती काय करते, हे वाक्यात सांगायचे झाले तर 'ती दिसते' यापलीकडे क्रियापद सापडत नाही. चित्रीकरणाची एक साधी पद्धत येथे फार काही सांगून जाते. गायकाला मंद गतीत दाखवायचे असेल, तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे वाढीव वेगाने वाजवतात आणि तो त्या वेगात ओठ हलवतो, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ झाली तरी शब्द ओठांशी जुळतात. त्या स्त्रीसाठी हा खटाटोप करावा लागत नाही, कारण तिच्या ओठांना शब्दच दिलेले नसतात.

चित्रपटांतील या मांडणीला लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक स्त्रीने 1975 साली 'पुरुषी नजर' असे नाव दिले. पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी ही वाटणी आहे, आणि प्रेक्षक स्त्री असली तरी तिलाही त्याच नजरेने पाहावे लागते. 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि चोवीस तास व्हिडिओ दाखवले जाऊ लागले, तेव्हा हीच मांडणी तीन-चार मिनिटांत कोंबली गेली. पात्र उभे करायला वेळ नसल्यामुळे ओळखीचा साचाच वापरला जातो, आणि पुन्हापुन्हा वापरला गेल्यामुळे तो अधिकच ओळखीचा होतो.

तेव्हा बंदी घालू नका, असेच मी सांगेन. बंद खोलीत ती तेच पाहील, फक्त एकटीने. त्याऐवजी तिच्याशेजारी बसा आणि 'यात कोण काय करते आहे?' असे तिला विचारा. शिवाय, आरशासमोर नाचणारी आपली मुलगी त्या क्षणी स्वतः कर्ता आहे, हेही ध्यानात घ्यावे. ताल पकडणे, अवघड पदन्यास जमवणे, दमून पुन्हा उठणे, हे सारे ती करते आहे. तो आनंद तिच्याकडून काढून घेऊ नका.

प्रश्न : हा सगळा रॅप संगीताचा दोष आहे, असे मला वाटते. जुन्या रॉक गाण्यांत असे काही नव्हते, नाही का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील प्राध्यापक सट जॅली यांनी 1990च्या सुमारास एक माहितीपट केला, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः रॉक संगीताचेच व्हिडिओ होते. त्यांनी अनेक व्हिडिओंमधील तुकडे मूळ गाण्यांशिवाय एकापाठोपाठ एक जोडले आणि त्यांवर आपले विवेचन ऐकवले. सुटी असताना वेगवेगळी वाटणारी ती दृश्ये एकत्र येताच एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसू लागली. एमटीव्हीने त्यांना कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता.

रॅपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यावरील सर्वांत धारदार टीका बाहेरून आली नाही, ती कृष्णवर्णीय स्त्रियांनीच केली. नेली या रॅपरच्या एका व्हिडिओत स्त्रीच्या देहावरून क्रेडिट कार्ड फिरवल्याचे दृश्य होते. 2004 साली अटलांटाच्या स्पेलमन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कॉलेजात त्याच्या संस्थेतर्फे अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचा कार्यक्रम ठरला, तेव्हा तेथील विद्यार्थिनींनी त्याने आधी या व्हिडिओविषयी आमच्याशी बोलावे असा आग्रह धरला. पुढे तो कार्यक्रम तेथे झाला नाही. कार्यक्रमाचा हेतू चांगला होता आणि विद्यार्थिनींचा प्रश्नही रास्त होता. या मुलींना त्या संगीताचा तिटकारा नव्हता. ते त्यांचे स्वतःचे संगीत होते, म्हणूनच त्या दुखावल्या होत्या. केवळ रॅपकडे बोट दाखवून इतर संगीताला मोकळे सोडणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

प्रश्न : आज अनेक गायिका स्वतःच्या मर्जीने अशा भूमिका करतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात. मग तक्रार करणारे आपण कोण?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. गायिकेने स्वतःच्या देहाविषयी घेतलेल्या निर्णयाला मी नावे ठेवणार नाही. परंतु मर्जी कोणाची, हे केवळ पडद्याकडे पाहून कळत नाही. निवडीसाठी समोर काय काय ठेवले होते, नकार दिला असता तर व्हिडिओला पैसा मिळाला असता का, शेवटचा संकलित आराखडा कोणी मंजूर केला, हे सारे पडद्यामागे घडते. दिग्दर्शनाच्या खुर्चीत स्त्री बसली म्हणजे नजर आपोआप बदलते, असेही नाही. 2013 साली ज्यावरून मोठा वाद झाला, तो रॉबिन थिक या गायकाच्या 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याचा व्हिडिओ डायॅन मार्टेल या दिग्दर्शिकेने केलेला होता.

माझ्या मते मर्जीची खूण कपड्यांत नव्हे, कथनात सापडते. सिंडी लॉपर हिचे 'गर्ल्स जस्ट वॉन्ट टू हॅव फन' हे गाणे मुळात रॉबर्ट हॅझर्ड या पुरुषाने पुरुषाच्या दृष्टीतून लिहिले होते. लॉपरने त्याचे शब्द बदलून घेतले, आणि 1983च्या व्हिडिओत ती मैत्रिणींचा घोळका घेऊन रस्त्यावरून नाचत घरी येते. तिच्या आईची भूमिका तिच्या खऱ्या आईनेच केली आहे. गाण्याचा सूर उडता, पोशाख भडक, पण प्रत्येक दृश्यात क्रियापद मुलींकडे आहे : त्या चालतात, नाचतात, फोनवर बोलतात, रस्ता व्यापतात. अलीकडचे उदाहरण टेलर स्विफ्टच्या 2020 सालच्या 'द मॅन'चे. तिने रंगभूषेच्या साहाय्याने स्वतःच पुरुषाचे सोंग घेतले आणि शेवटच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शन, लेखन व भूमिका यांबरोबर 'मालकी' या शब्दापुढेही आपलेच नाव घातले. श्रेयनामावलीत मालकीची ओळ सहसा नसते. ती तेथे लिहावीशी वाटली, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर मागे नाचणाऱ्या मुलींपाशी आहे, आणि त्यांच्याविषयी फार कमी बोलले जाते. मुख्य गायिकेची मर्जी असेल. पण तिच्या मागच्या रांगेतील दहा-बारा मुलींना पोशाख ठरवण्याचा अधिकार नसतो, अनेकदा चेहराही नसतो. गायिका पुरुषांच्या साच्यातून बाहेर पडली, पण तिच्या मागची रांग त्याच साच्यात उभी राहिली, असे व्हिडिओ मी पाहिले आहेत, आणि ते पाहताना मला खंत वाटते.

प्रश्न : व्हिडिओ पाहून माणसे खरोखर बदलतात, याला शास्त्रीय आधार आहे का?

उत्तर : जपून उत्तर द्यावे असा हा विषय आहे. एखादा व्हिडिओ पाहून कोणी बिघडत नाही. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली वस्तुकरणाचा सिद्धान्त मांडला. देह हीच ओळख असे सतत समोर येत राहिले की मुली स्वतःकडेही बाहेरच्या नजरेने पाहू लागतात आणि मनाचा काही भाग 'मी कशी दिसते' या पहाऱ्यावरच खर्ची पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2007च्या अहवालाने मुलींच्या लैंगिकीकरणाचा विचार करताना म्युझिक व्हिडिओंचीही दखल घेतली. मात्र असे व्हिडिओ अधिक पाहणे आणि साचेबद्ध मते असणे या दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तरी पहिलीमुळेच दुसरी घडली असे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही; तशी मते असलेली माणसे तसेच व्हिडिओ निवडत असतील, हीही शक्यता उरते.

प्रश्न : चित्रपटांप्रमाणे व्हिडिओंनाही वयानुसार प्रमाणपत्र का देत नाहीत?

उत्तर : ब्रिटनमध्ये तसा प्रयोग झाला आहे. तेथील चित्रपट वर्गीकरण मंडळाने ऑक्टोबर 2014 पासून यूट्यूब, व्हेवो ही म्युझिक व्हिडिओंची ऑनलाइन सेवा आणि मोठ्या संगीत कंपन्या यांच्या साहाय्याने ऑनलाइन व्हिडिओंना 12, 15 आणि 18 अशी वयोमर्यादा द्यायला सुरुवात केली. पण अशी प्रमाणपत्रे नग्नता, शिवीगाळ, हिंसा यांची नोंद घेतात. साडेतीन मिनिटे एकही शब्द न उच्चारता सोफ्यावर बसून राहिलेली स्त्री कोणत्याही वर्गवारीत बसत नाही.

प्रश्न : मी 22 वर्षांचा आहे. व्हिडिओंतील पुरुष पाहून मलाही कमीपणा वाटतो, पण चर्चा नेहमी स्त्रियांचीच होते. पुरुषांचे काय?

उत्तर : आपण मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. पुरुषाला कर्तेपण मिळते हे खरे, पण फार मोजक्या क्रियापदांचे. तो गाडी चालवतो, पैसा उधळतो, टोळी घेऊन उभा राहतो, कोणाला तरी हरवतो. मित्राच्या खांद्यावर डोके टेकणे, घाबरणे, चुकलो म्हणणे, ही क्रियापदे त्याच्या वाट्याला क्वचितच येतात. दुःख दाखवायचे झाले, तरी तो काच फोडतो किंवा भरधाव गाडी हाकतो. आपल्याला वाटणारा कमीपणा आपल्यातील उणिवेमुळे नाही. ज्या मापाशी आपण स्वतःला ताडून पाहत आहात, तेच तोकडे आहे.

याहून गंभीर गोष्ट पाठलागाची आहे. पहिल्या कडव्यात तो विचारतो आणि ती नकार देते. दुसऱ्या कडव्यात तो तिच्या वाटेत उभा राहतो आणि ती वैतागते. तिसऱ्यांदा ती हसते. येथे गाण्याची रचनाच कथेला फसवी साथ देते. धृपद पुन्हापुन्हा यायचे असते आणि दर खेपेला ते अधिक हवेसे वाटायचे असते, त्यामुळे त्याची चिकाटीही प्रत्येक खेपेला अधिक हवीशी वाटू लागते. शेवटी वाद्यमेळ टिपेला पोचतो, तेव्हा तिचा होकार आला नाही तर गाणेच अपुरे राहिल्यासारखे वाटते. म्हणजे तिचा नकार हा नकार राहत नाही, ती केवळ मधली पायरी ठरते. ज्या मुलाने शेकडो वेळा हे पाहिले, त्याला प्रत्यक्षातला नकार अर्धवट वाटला, तर तो दोष एकट्या त्याचा मानता येणार नाही. आपल्या वयाच्या मित्रांमध्ये हा विषय जरूर काढा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. भाषण न देता हा विषय वर्गात कसा घ्यावा?

उत्तर : प्रथम आवाज बंद करून एक व्हिडिओ दाखवा. संगीत थांबले की चित्र उघडे पडते. नंतर अदलाबदल करा. यासाठी एक तयार जोडी उपलब्ध आहे. रॉबर्ट पामरच्या 1986च्या 'अ‍ॅडिक्टेड टू लव्ह'मध्ये एकसारखा काळा पोशाख, एकसारखे लाल ओठ आणि भावशून्य चेहरे असलेल्या तरुणी हातांत वाद्ये घेऊन त्याच्यामागे डुलत उभ्या आहेत. 1999 साली शनाया ट्वेन या गायिकेने 'मॅन! आय फील लाइक अ वुमन!'च्या व्हिडिओत त्याच दृश्याची उलट बाजू दाखवली : गाणारी ती, आणि मागे एकसारख्या वेषातले निर्विकार पुरुष. दोन्ही व्हिडिओ लागोपाठ दाखवा. पहिला पाहताना विद्यार्थ्यांना विशेष काही जाणवत नाही आणि दुसरा पाहताना ते चुळबुळ करू लागतात. ती चुळबुळ का झाली, हे त्यांनाच लिहू द्या.

तिसरा अभ्यास माझ्या आवडीचा, हातांचा. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी 1970च्या दशकात जाहिरातींतील छायाचित्रे तपासताना टिपले होते की पुरुषांचे हात वस्तू धरतात, वापरतात, आणि स्त्रियांची बोटे वस्तूवरून किंवा स्वतःच्याच अंगावरून हलकेच फिरतात. व्हिडिओतील फक्त हात पाहायला सांगा आणि प्रत्येक हात काय करतो त्याची नोंद करून घ्या. मी एका वर्गात हा अभ्यास घेतला होता. मागच्या बाकावरील एका मुलीने तोच तुकडा तीन वेळा लावायला सांगितला, आणि मग ती म्हणाली, "गिटार वाजते आहे, पण तिची बोटे तारांना लागलेलीच नाहीत."