नॉटिलसमधील जुने पायथन प्लगइन उबुंटू 24.04 वर का चालत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: डिचोलीतील एका वकिलांच्या कार्यालयात एक-चौदाचे (गोव्यातील जमीन-नोंदीचे) उतारे आणि पोर्तुगीजकालीन विक्रीखते यांच्या स्कॅन प्रती लहान करण्यासाठी आपण नॉटिलसमध्ये (उबुंटूच्या फाइल व्यवस्थापकात) ‘पीडीएफ लहान करा’ हा पर्याय दाखवणारे एक पायथन प्लगइन वापरत होता. संगणक उबुंटू 22.04 वरून 24.04 वर नेल्यापासून उजव्या क्लिकवर तो पर्याय येत नाही. संबंधित पॅकेज दोनदा काढून पुन्हा घातले, तरी फरक पडला नाही, आणि टर्मिनलमध्ये ‘फाइल्स’ हा आवश्यक आर्ग्युमेंट मिळाला नाही, अशा अर्थाचा टाइप एरर एकदा दिसला.

त्या एका ओळीतच आपले उत्तर आहे. (आज्ञा आणि नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टंकताना ती रोमन लिपीत लिहावीत.) उबुंटू 22.04 मध्ये नॉटिलसची 42 ही आवृत्ती होती आणि ती जीटीके 3 वर (खिडक्या, बटणे इत्यादी दाखवणाऱ्या साधनसंचाच्या तिसऱ्या पिढीवर) उभी होती. सप्टेंबर 2022 मध्ये आलेली 43 वी आवृत्ती जीटीके 4 वर गेली, आणि त्याच वेळी प्लगइनशी बोलण्याची नॉटिलसची रीतही बदलली. 24.04 मध्ये 46 वी आवृत्ती आहे, म्हणजे आपण एका उडीत हा बदल ओलांडला आहे. पूर्वी ‘गेट फाइल आयटम्स’ या फंक्शनला नॉटिलस दोन गोष्टी देत असे, आधी विंडो आणि मग निवडलेल्या फाइलींची यादी. आता तो फक्त यादी देतो. आपले जुने फंक्शन मात्र अजून दोन्हींची वाट पाहते, त्यामुळे यादी विंडोच्या जागी जाऊन बसते, ‘फाइल्स’ची जागा रिकामी राहते आणि पायथन तिथेच थांबतो.

फोंड्यातील एका वाचनालयाचे संगणक मी सांभाळतो. तिथे जुन्या नाट्यसंहितांच्या स्कॅनसाठी असेच प्लगइन होते आणि तेही याच कारणाने बंद पडले. मीही आधी दोन संध्याकाळी पॅकेज काढण्या-घालण्यात घालवल्या. ‘पायथन 3 नॉटिलस’ हे पॅकेज केवळ नॉटिलस आणि पायथन यांना जोडणारा पूल आहे. आपण लिहिलेली फाइल घरच्या फोल्डरमध्ये, ‘डॉट लोकल’मधील ‘शेअर’, त्यातील ‘नॉटिलस-पायथन’ आणि त्यातील ‘एक्स्टेन्शन्स’ येथे असते, आणि पॅकेज कितीदाही घातले तरी तिला हात लागत नाही. पॅकेज बसलेले आहे एवढी खात्री एकदा केली की पुरे.

संदेश पुन्हा पाहायचा असेल तर आधी ‘नॉटिलस’, मग रिकामी जागा, आडवी रेघ आणि ‘क्यू’ हे अक्षर अशी आज्ञा द्यावी आणि त्यानंतरच टर्मिनलमधून नॉटिलस सुरू करावा. ही पायरी वगळू नये. खिडकी बंद केली तरी नॉटिलस पार्श्वभूमीत चालू राहू शकतो. अशा वेळी टर्मिनलमधली नवी आज्ञा त्या जुन्या प्रक्रियेलाच खिडकी उघडायला सांगते, प्लगइन नव्याने वाचले जात नाही आणि टर्मिनल कोरेच राहते. आपल्याला तो संदेश एकदाच दिसला, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

दुरुस्ती लहान आहे. ‘गेट फाइल आयटम्स’च्या कंसातून ‘विंडो’ काढून ‘सेल्फ’ आणि ‘फाइल्स’ एवढेच ठेवावे. रिकाम्या जागेवरील क्लिकसाठी ‘गेट बॅकग्राउंड आयटम्स’ असेल, तर तिथेही विंडो काढावी. फाइलच्या आरंभी नॉटिलसची 3.0 आवृत्ती मागणारी ओळ असल्यास तिथे 4.0 करावे, आणि जीटीकेची 3.0 मागणारी ओळही तशीच बदलावी, कारण एकाच प्रक्रियेत जीटीकेच्या दोन आवृत्त्या नांदू शकत नाहीत. कार्यालयात काही संगणक अजून 22.04 वर असतील, तर ‘सेल्फ’नंतर तारकाचिन्ह लावून ‘आर्ग्ज’ घ्यावे, त्यातील शेवटचा घटक हीच फाइलींची यादी समजावी आणि आवृत्ती मागणाऱ्या ओळी काढून टाकाव्यात. मग तीच फाइल दोन्हीकडे चालते.

यानंतर एखादे मॉड्यूल सापडत नाही असा दुसरा एरर आला तर गोंधळू नये. 22.04 मध्ये पायथन 3.10 होता, 24.04 मध्ये 3.12 आहे, आणि पिपने (पायथनची मॉड्यूल घालणाऱ्या साधनाने) घरच्या फोल्डरमध्ये घातलेली मॉड्यूल 3.10 च्या नावाच्या फोल्डरमध्येच राहून जातात. 24.04 मध्ये पिप प्रणालीच्या पायथनमध्ये थेट काही घालू देत नाही, आणि तो अडसर बळजबरीने दूर करू नये. मॉड्यूल उबुंटूच्या भांडारात असेल तर तिथूनच घ्यावे.

फाइलींच्या नावांकडेही लक्ष द्यावे. प्लगइन ‘गेट यूआरआय’ वापरून पहिली काही अक्षरे कापत असेल, तर ‘डिचोली सर्वे’सारखे देवनागरी नाव किंवा अनुनासिक चिन्हे असलेले पोर्तुगीज नाव टक्केचिन्हांच्या रांगेत बदलते आणि पुढील प्रोग्रामला फाइल सापडत नाही. ‘गेट लोकेशन’ आणि त्यावर ‘गेट पाथ’ घेतल्यास खरा मार्ग जसाच्या तसा मिळतो.

माझे स्पष्ट मत असे की एवढ्या कामासाठी प्लगइनची गरजच नाही. वर सांगितलेल्या ‘शेअर’मधील ‘नॉटिलस’ आणि त्यातील ‘स्क्रिप्ट्स’ या फोल्डरमध्ये घोस्टस्क्रिप्टला (पीडीएफ लहान करू शकणाऱ्या प्रोग्रामला) हाक मारणारी छोटी शेल स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी दिली, की ती उजव्या क्लिकच्या मेनूत येते आणि निवडलेल्या फाइलींची नावे तिला आपोआप मिळतात. या स्क्रिप्टचा नॉटिलसच्या पायथन इंटरफेसशी संबंध येत नाही, म्हणून आमच्या वाचनालयातली स्क्रिप्ट 42 वर आणि 46 वर एकही अक्षर न बदलता चालली. मात्र मूळ स्कॅनवर कधीही लिहू नये. लहान प्रत वेगळ्या नावाने काढावी, कारण जुन्या विक्रीखतावरील फिकट शाई एकदा दबली की त्या फाइलीतून परत मिळत नाही.

एवढे करूनही पर्याय दिसला नाही, तर नॉटिलस पूर्ण बंद करून टर्मिनलमधून सुरू केल्यावर आलेला सगळा मजकूर आणि प्लगइनच्या पहिल्या वीस ओळी प्रश्नात जोडाव्यात. मी त्या पाहून नेमकी ओळ सांगेन.