वाचकांचे प्रश्न : अर्थव्यवस्थेचे श्रेय कोणाच्या खात्यावर?

प्रश्न : निवडणूक जवळ आली की आम्हा जुन्या वर्गमित्रांच्या समूहात रोज रात्री जुंपते. एक जण म्हणतो की, आधीच्या नेत्याच्या काळात महागाईने कंबरडे मोडले होते आणि आताच्या नेत्याने ती आटोक्यात आणली. दुसरा विचारतो की, एकही वस्तू स्वस्त झालेली दिसत नाही, मग आटोक्यात आले ते काय? दाखले दोघेही सरकारी आकड्यांचेच देतात. यांपैकी खरे कोण बोलत आहे, आणि आटोक्यात आलीच असेल तर श्रेय नेत्याला द्यावे का?

उत्तर : दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुमचा वाद रोज रात्री नव्याने पेटतो तो बहुधा त्यामुळेच. महागाईचा दर भाव किती आहेत हे सांगत नाही. ते किती वेगाने चढत आहेत एवढेच सांगतो. ज्या वस्तूला १०० मोजावे लागत होते, तिला १० टक्के महागाईच्या वर्षानंतर ११० मोजावे लागतील. पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर उतरला तर त्याच वस्तूला ११४ रुपये ४० पैसे पडतील. दर निम्म्याहून खाली आला हे पहिल्या मित्राचे म्हणणे बरोबर, आणि वस्तू आणखी महागच झाली हे दुसऱ्याचेही बरोबर. भाव खरोखर खाली यायला दर शून्याच्याही खाली जावा लागतो, आणि तसे दीर्घकाळ झाले तर ते बहुधा मंदीचे लक्षण असते. तेव्हा त्याची मागणी कोणी हौसेने करू नये. ‘दर उतरला का’ आणि ‘त्या काळात लोकांची कमाई भावांच्या पुढे गेली की मागे राहिली’ हे दोन प्रश्न तुम्ही वेगळे केलेत, तर निम्मे भांडण तिथेच संपेल. माझ्या मते या दोहोंपैकी मतदाराच्या कामाचा प्रश्न दुसरा, म्हणजे कमाईचा आहे, पण आकडेफेकीत तो फारसा कोणी विचारत नाही.

श्रेयाचे गणित याहून अवघड आहे. अमेरिकेतले एक जुने उदाहरण मला यासाठी फार उपयोगी वाटते. १९७९ साली तेलाचे भाव दुसऱ्यांदा भडकले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नेमलेले पॉल व्होल्कर तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी आले. महागाई मोडून काढायची या निश्चयाने व्होल्कर यांनी पतपुरवठा आवळला आणि व्याजदर इतके चढू दिले की, १९८१ मध्ये बँकांचे आपसातले अल्पमुदतीचे व्याज २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. १९८० च्या मार्चमध्ये महागाई १४ टक्क्यांच्या पुढे होती, आणि त्या नोव्हेंबरमध्ये कार्टर निवडणूक हरले. औषध कडू होते, कारण कर्ज महागले की भावांबरोबर खरेदी आणि नोकऱ्याही आटतात. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारीचा दर १०.८ टक्क्यांवर गेला, पण तोवर खुर्चीवर रोनाल्ड रेगन होते. १९८३ मध्ये महागाई ३ टक्क्यांच्या घरात आली आणि १९८४ मध्ये रेगन दणदणीत मतांनी पुन्हा निवडून आले.

आता या सहा वर्षांचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहायचा? ज्या माणसाने महागाई मोडली त्याला कार्टर यांनी नेमले, म्हणजे नियुक्तीचे श्रेय त्यांचे. बेरोजगारी वाढत असताना रेगन यांनी त्या धोरणाचा बळी दिला नाही आणि १९८३ मध्ये व्होल्कर यांचीच फेरनियुक्ती केली, म्हणजे टिकून राहण्याचे श्रेय त्यांचे. पुढे तेलाचे भाव उतरले, त्याचे श्रेय मात्र दोघांपैकी कोणाचेच नाही. नुसती तारीख पाहून ‘अमक्याच्या काळात’ म्हणणारा माणूस १९८० मध्ये कार्टर यांना, १९८२ मध्ये रेगन यांना दोषी धरील आणि १९८४ मध्ये त्याच रेगन यांना डोक्यावर घेईल. मध्यवर्ती बँकेची दिशा मात्र या सगळ्या काळात बहुतांशी तीच होती.

उलटा अन्यायही होतो. तिथलेच थोरले जॉर्ज बुश नोव्हेंबर १९९२ मध्ये पराभूत झाले त्याला मंदीची नाराजी मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ठरवणाऱ्या तिथल्या तज्ज्ञ समितीने, ती मार्च १९९१ मध्येच संपली होती, असे जाहीर केले ते डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे मतमोजणी होऊन गेल्यावर. (तरीही बुश यांच्यावर पूर्ण अन्याय झाला असे मी म्हणणार नाही, उत्पादन सावरले तरी नोकऱ्या परतायला वेळ लागत होता, आणि मतदार समितीच्या निकालावर जगत नाही.)

म्हणून मित्रांना एवढेच विचारा की, जे झाले त्यातले काय त्या नेत्याच्या हातात होते? कर, सरकारी खर्च, कायदे आणि महत्त्वाच्या नेमणुका यांचा जाब त्याच्याकडे जरूर मागावा. जगातला तेलाचा भाव आणि पाऊसपाणी त्याच्या हातात नसते, आणि स्वायत्त मध्यवर्ती बँक असेल तर व्याजदरही नसतो. शिवाय आज घेतलेल्या निर्णयाचे फळ बरेचदा वर्षा-दोन वर्षांनी हाती येते.

प्रश्न : समूहात एका सदस्याने स्तंभालेख पाठवला. त्यात आमच्या उमेदवाराच्या पक्षाच्या काळातला रोजगाराचा स्तंभ विरोधकांच्या काळातल्या स्तंभाच्या तिप्पट उंच आहे. आकडे खरे आहेत असे मी पडताळले. तरीही विरोधक त्याला फसवणूक म्हणतात. का?

उत्तर : तुम्ही पाठवलेले चित्र मी पाहिले. डावीकडच्या उभ्या रेषेच्या तळाशी शून्य नाही, ९५ आहे. एक स्तंभ ९६ पर्यंत जातो, दुसरा ९८ पर्यंत. त्यामुळे दिसणारी उंची अनुक्रमे १ आणि ३, म्हणजे तिप्पट. प्रत्यक्षातला फरक २ टक्क्यांच्या जरासा वर आहे. आकडे खरे आहेत हे तुमचे म्हणणे मान्य, पण डोळ्यांना सांगितले गेले ते खोटे आहे. रेघालेखात तळ शून्याच्या वर धरणे पुष्कळदा योग्य असते, कारण तिथे वळण पाहायचे असते. स्तंभात मात्र डोळा उंचीच मोजतो. तळापासून वर वाचत जायची सवय लावून घ्या. आणखी एक पाहा : दोन्ही आकडे कोणत्या महिन्यांचे आहेत? हंगामी कामाच्या ऐन दिवसांतला आकडा एका बाजूला आणि मोकळ्या दिवसांतला दुसऱ्या बाजूला ठेवला, तर नेता न बदलताही हवा तो निष्कर्ष काढता येतो.

प्रश्न : ‘आमच्या नेत्याच्या काळात जीडीपी इतका वाढला’ हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. जीडीपी वाढला म्हणजे देश श्रीमंत झाला, हे तरी निर्विवाद आहे ना?

उत्तर : निर्विवाद नाही. जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत, राष्ट्रीय उत्पन्नाचेच एक मोजमाप. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालातच सावध केले होते की, या मोजमापावरून लोकांच्या सुखासमाधानाचा अंदाज बांधता येणार नाही. पुढच्या नव्वद वर्षांत प्रचारसभांनी हा इशारा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

आयर्लंडचेच पाहा. २०१५ साली त्या देशाची अर्थव्यवस्था एका वर्षात २६ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आकडे जाहीर झाले. कारखाने, पगार, घरे यांत एवढी उलथापालथ झालेली नव्हती. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटांसारखी बौद्धिक मालमत्ता करांच्या सोयीसाठी आयर्लंडच्या हिशेबात आणली, आणि तिच्यावरची कमाई कागदोपत्री तिथली झाली. अर्थतज्ज्ञांनी या आकड्याची इतकी थट्टा केली की, पुढे तिथल्या सांख्यिकी विभागाने अशा गोष्टी वगळणारे एक वेगळे मोजमापच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्या काळातल्या पंतप्रधानांच्या चाहत्याने २६ टक्क्यांचा आकडा पुढे केला असता, तर तो खोटे बोलला असे कोणालाही म्हणता आले नसते.

नायजेरियाची गोष्ट निराळी. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्या देशाने हिशेबाचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव आणि व्यवसाय धरून मोजणी होते ते वर्ष, १९९० वरून २०१० वर आणले आणि अर्थव्यवस्थेचा आकार कागदावर ८९ टक्क्यांनी वाढला. दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तो देश खंडात पहिला ठरला. इथे लबाडी नव्हती. मोबाइल सेवा, चित्रपट अशा ज्या व्यवसायांना १९९० मध्ये नगण्य स्थान होते, ते आता मोजणीत आले होते. पण त्या रात्री कोणाच्या घरात एक पैसाही जास्त आला नाही.

लबाडीचे उदाहरण हवे असेल तर ते अर्जेंटिनाचे आहे. २००७ पासून काही वर्षे तिथल्या सरकारी महागाईच्या आकड्यांवर देशातल्याच अभ्यासकांचा विश्वास उरला नव्हता, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदोष आकड्यांबद्दल त्या देशाची औपचारिक निर्भर्त्सना केली.

तेव्हा जीडीपीचे वाक्य ऐकल्यावर तीन गोष्टी विचारा : महागाई वजा करून की न करता, दरडोई की एकूण, आणि मोजणीची पद्धत दोन्ही काळांत एकच होती का. एवढ्यावरच बरेच वीर ‘बघून सांगतो’ म्हणून गप्प होतात.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना गेल्या निवडणुकीआधी अर्थव्यवस्था बुडालेली दिसत होती. त्यांचा पक्ष जिंकला आणि आठवड्याभरात ती सावरली! हे ढोंग समजावे का?

उत्तर : ढोंग म्हणू नका, त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. अमेरिकेत नोव्हेंबर २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावर, जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेच्या पाहणीत रिपब्लिकन समर्थकांचा अर्थव्यवस्थेवरचा विश्वास एकदम उसळला आणि डेमोक्रॅट समर्थकांचा घसरला. नव्या अध्यक्षांचा शपथविधी तेव्हा दोन महिन्यांवर होता. तिथल्याच संशोधकांचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले काही प्रयोग मला त्याहून बोलके वाटतात. बेरोजगारीसारख्या विषयांवर वस्तुनिष्ठ प्रश्न विचारले, तेव्हा दोन पक्षांच्या समर्थकांच्या उत्तरांत मोठे अंतर पडले. बरोबर उत्तराला थोडेसे पैसे देऊ केले, तेव्हा ते अंतर बरेच आक्रसले. म्हणजे पुष्कळांना खरे काय ते ठाऊक होते, किंवा निदान आपल्या उत्तराची खात्री नाही हे तरी ठाऊक होते. फुकटच्या प्रश्नाला मात्र ते आपल्या पक्षाचा जयघोष करीत होते. मेहुण्यांशी एकदा छोटीशी पैज लावून पाहायला हरकत नाही, बहिणीची संमती घेऊन.

प्रश्न : मीच समूहात पाठवलेला एक आकडा चुकीचा निघाला आहे. तो माझ्या पसंतीच्या उमेदवाराला सोयीचा होता आणि विरोधकांच्या लक्षात आलेले नाही. गुपचूप पुसून टाकावा का?

उत्तर : पुसू नका, तोवर तो चार ठिकाणी पुढे गेलेला असेल आणि तिथून तुम्हाला पुसता येणार नाही. त्याच संदेशाला उत्तर म्हणून खाली बरोबर आकडा, तो कोणत्या वर्षाचा आणि कुठून घेतला ते लिहा. उमेदवाराच्या बाजूने आणखी एक मुद्दा त्याच संदेशात जोडण्याचा मोह होईल. तो मुद्दा दुसऱ्या दिवशी लिहा.