राष्ट्रीय ब्रीड क्लबमध्ये कोणता निर्णय कोणी घ्यायचा?

तुमची तक्रार अशी की तुमच्या ब्रीड क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या एकाच जातीसाठी चालणाऱ्या संस्थेच्या, कार्यकारिणीने प्रजननाआधी कुत्र्यांची हिप तपासणी (खुब्याच्या सांध्याची) सक्तीची केली, सभासदांना विचारलंच नाही. म्हणून यापुढे प्रत्येक निर्णय सभासदांच्या मतानेच व्हावा. तक्रार रास्त आहे, उपाय मात्र मला पटत नाही.

शोची तारीख, मैदान, जज, ट्रॉफ्यांचा खर्च यात सगळ्या सभासदांना ओढलं तर शो पुढच्या वर्षावर जाईल. त्यासाठीच कार्यकारिणी निवडतो. पण ब्रीड स्टँडर्ड (जातीचं कुत्रं कसं असावं याचं लेखी वर्णन), स्टडबुक (जातीच्या वंशावळींची नोंदवही) आणि कोणत्या पिल्लांची नोंदणी करायची, हे तीन विषय वेगळे. कार्यकारिणी बदलली की शोचे नियम बदलता येतात. एकदा कमी झालेलं जनुकीय वैविध्य मात्र आपल्या स्टडबुकात परत आणणं फार अवघड.

आधी हा अधिकार मुळात तुमच्या क्लबचा आहे का, ते बघा. अमेरिकन केनेल क्लब ही सगळ्या जातींच्या कुत्र्यांची नोंदणी करणारी तिथली संस्था; तिच्यात व्यक्ती सभासद नसतातच, क्लब असतात, आणि त्यांचे प्रतिनिधी मत देतात. तिथे स्टँडर्ड त्या जातीच्या राष्ट्रीय क्लबचं असतं, बदलावर त्या राष्ट्रीय क्लबचे सभासद मत देतात आणि केनेल क्लबचं मंडळ मंजुरी देतं. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत स्टँडर्डवर शब्द चालतो तो जातीच्या मूळ देशाचा. तिथे इतर देशांतल्या क्लबांनी कितीही ठराव केले तरी स्टँडर्ड हलत नाही.

आता मतदानाबद्दल. बहुमत शहाणंच असतं असं नाही. डाल्मेशियनचं उदाहरण घ्या. या जातीत लघवीतलं युरिक ॲसिड वाढवणारा जनुकदोष सरसकट पसरलेला, त्यामुळे मूतखडे होतात. रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने 1973 मध्ये पॉइंटर या दुसऱ्या जातीशी एकच संकर केला आणि पुढे पिढ्यानपिढ्या डाल्मेशियनशीच जोड्या लावल्या. 1981 मध्ये अमेरिकन केनेल क्लबात त्या वंशातल्या दोन कुत्र्यांची नोंदणी झाली, पण जातीच्या राष्ट्रीय क्लबातून विरोध उसळला आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं 2011 मध्ये! मधली तीस वर्षं जनुकाची चांगली प्रत हाताशी असूनही नोंदणीबाहेर राहिली. म्हणून माझा आग्रह असा की मतपत्रिकेआधी आरोग्याची आकडेवारी सभासदांच्या हातात पडावी आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच पाकिटात जावं. ‘परक्या जातीचं रक्त चालेल का?’ आणि ‘खड्यांचा दोष घालवायचा का?’ या प्रश्नांना एकाच सभासदाकडून दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात.

मत देतं कोण, हेही बघा. वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय शोला जोडून असते. म्हणजे रिंगमध्ये कुत्रं फिरवणारे हजर, कामाची कुत्री पाळणारे आणि घरी एकच कुत्रं असलेले गैरहजर. बॉर्डर कॉलीच्या बाबतीत मेंढ्या हाकणाऱ्या मंडळींचा विरोध असतानाही अमेरिकन केनेल क्लबने 1995 मध्ये मान्यता दिली. कामाच्या कुत्र्यांची वेगळी नोंदणी अमेरिकेत आजही चालू आहे. या तीन विषयांवर टपाली किंवा ऑनलाइन मतदानच हवं; प्रॉक्सींचा, म्हणजे गैरहजर सभासदांच्या वतीने मत देण्याच्या अधिकारपत्रांचा, गठ्ठा घेऊन येणारा एक माणूस नको.

छोट्या जातीत हितसंबंध टळत नाहीत. ज्याच्या नराची पिल्लं अर्ध्या सभासदांकडे आहेत, तोच आरोग्य उपसमितीचा प्रमुख असतो. त्याला हाकला असं मी म्हणत नाही, जाणकारही तोच असतो. त्याने हितसंबंध नोंदवावा, चर्चेत बोलावं आणि मतदानाच्या वेळी बाहेर बसावं. इतिवृत्तात हे दिसलं पाहिजे. ‘चर्चा होऊन योग्य तो निर्णय घेण्यात आला’ असलं इतिवृत्त रद्दीच. ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक, बाजूची-विरोधाची मतं, कोण तटस्थ राहिलं, एवढं तरी हवंच.

तुमच्या प्रकरणात तो ठराव कशाखाली आला ते शोधा. माझा अंदाज, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या कलमाखाली. निम्मे सभासद जेवणाच्या रांगेत असताना तिथे काय काय मंजूर होतं हे मी पुष्कळदा पाहिलंय. तसं असेल तर घटनेत विशेष सभेसाठी किती सह्या लागतात ते बघून मागणी द्या. तपासणी रद्द करा असं मात्र लिहू नका. ठराव मतदानाला ठेवा, आणि तोवर जमा झालेले हिप स्कोअर नावं झाकून सभासदांना द्या, एवढंच मागा. मतदान झालं तर मी स्वतः सक्तीच्या बाजूने मत देईन, हेही सांगून ठेवतो.