पूल कोणासाठी, साहेब?

"काम झेपत नाही असं नाही मॅडम. थांबता येत नाही."

मी समुपदेशक आहे. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एकदा नीट लिहायलाच हवं असं वाटलं. ही माणसं स्वतःहून येत नाहीत. बायको आणते, नाहीतर फॅमिली डॉक्टर पाठवतात. छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल असतो, पहाटे तीनला टक्क जाग येते. आणि "टेन्शन आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "छे, मला काम आवडतं."

असेच एक गृहस्थ. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना साहेब म्हणू, कारखान्यात सगळे तेच म्हणतात. चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शनचे प्रमुख, नोकरीला २७ वर्षं. नवे वरिष्ठ आले आणि पहिल्याच महिन्यात खटका उडाला. माझ्या इंजिनीअरांना बदली सुट्टी दिल्याशिवाय रविवारी बोलावणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. टेबल उचलून स्टोअरच्या शेजारी ठेवलं गेलं. चार महिने कुणी मीटिंगला बोलावलं नाही. मग नव्या प्रॉडक्शन लाईनचं काम अडकलं आणि तेच वरिष्ठ स्वतः चालत स्टोअरपाशी आले. हे सांगताना साहेबांचा चेहरा उजळला होता. त्या दिवसापासून लाईन त्यांची झाली.

तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "माझा आदर्श कर्नल निकल्सन. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' पाहिलाय का तुम्ही?"

पाहिला होता. डेव्हिड लीनचा १९५७ चा सिनेमा, सात ऑस्कर मिळालेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४३ साल, थायलंडमधली जपानी युद्धकैद्यांची छावणी. छावणीचा प्रमुख कर्नल सायतो ब्रिटिश कैद्यांकडून रेल्वेचा पूल बांधून घेतोय. अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करावी, असा त्याचा हुकूम. निकल्सन जिनिव्हा कराराचं पुस्तक पुढे करतो आणि ठाम नकार देतो. त्याला भर उन्हात पत्र्याच्या खोलीत कोंडतात. तो मोडत नाही. शेवटी सायतो नमतो आणि एकटा असताना रडतो.

"पत्र्याच्या खोलीतून बाहेर येतो ना, पाय लटपटत असतात, पण मान ताठ. तो मी," साहेब म्हणाले.

"आणि त्यानंतरचा निकल्सन?"

ते गडबडले. पूल उडतो तो शेवटचा स्फोट तेवढा त्यांना आठवत होता. मी म्हटलं, "या आठवड्यात मधून पुढे पाहा. एकटे पाहा."

सिनेमाचा खरा गाभा तिथेच आहे. जिंकल्यावर निकल्सन पुलाचं काम स्वतःच्या हातात घेतो. जपान्यांनी निवडलेली जागा चुकीची ठरवतो, नवी आखणी करतो, शत्रूच्या गाड्यांसाठी उत्तम पूल उभारायला निघतो. ज्या अंगमेहनतीविरुद्ध तो पत्र्यात भाजला, तीच करायला आपल्या अधिकाऱ्यांना लावतो. डॉक्टर क्लिप्टन विचारतो, आपण इतकं चांगलं काम करायलाच हवं का? निकल्सन म्हणतो, तुला सायतोचं ऑपरेशन करावं लागलं तर तू जीव तोडून करशील की त्याला मरू देशील? क्लिप्टनकडे उत्तर नसतं.

साहेब पुढच्या वेळी आले ते गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "तो आजाऱ्यांच्या झोपडीत जातो."

"हं."

"ओरडत नाही मॅडम. प्रेमाने विचारतो. हलकं काहीतरी कराल का? आणि ते उठतात. लंगडत त्याच्यामागून चालायला लागतात."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय. पंखा फिरत होता. साहेबांनी डाव्या हाताच्या पाठीवर उजवा अंगठा ठेवला आणि तिथेच बघत राहिले.

"माझा एक पोरगा आहे टीममध्ये. डेंग्यू झाला होता त्याला. मी फोन केला, दोन तास फक्त येऊन बघून जा म्हटलं. आला. हाताला सलाईनची सुई तशीच, वर पांढरी चिकटपट्टी. मी ती पट्टी पाहिली मॅडम. आणि पॅनेलवरचं रीडिंग विचारलं."

रविवारच्या सुट्टीसाठी चार महिने स्टोअरशेजारी बसलेला हाच माणूस. त्या दिवशी ते रडले, आणि त्यानंतरच आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचारांच्या वाटेने चालणारी आहे. माणसाला त्रास परिस्थितीपेक्षा तिच्यावर लादलेल्या अटीचा जास्त होतो, असं मी मानते. मराठीत तर ही अट एका अक्षरात मावते: 'च'. लाईन वेळेत सुरू व्हावी, ही इच्छा. ती वेळेत सुरू व्हायलाच हवी, नाहीतर माझी २७ वर्षं फुकट गेली, ही अट. निकल्सनही पुलावर संध्याकाळी उभा राहून हेच बोलतो: उद्या नोकरीला २८ वर्षं होतील, आपण शेवटाच्या जवळ आलो आहोत, आपल्या असण्याने कशात काय फरक पडला? मला हा प्रसंग स्फोटापेक्षा भयंकर वाटतो. हे लोक हावरट नसतात. आपली खूण मागे राहणार नाही, या भीतीने ते पछाडलेले असतात, आणि ती खूण उमटवायला हाताशी असेल तो पूल धरतात. निकल्सन शेवटी पुलावर फळी लावतो, ब्रिटिश सैनिकांनी बांधला म्हणून. आपल्याच बाजूच्या लोकांनी लावलेली सुरुंगाची तार दिसते तेव्हा तो ती शोधत सायतोला घेऊन नदीकाठी उतरतो. 'हे मी काय करून बसलो?' हे त्याला उमगतं तेव्हा भोवती प्रेतं पडलेली असतात.

क्लिप्टनला न सुचलेलं उत्तर मी साहेबांना दिलं. ऑपरेशन करताना डॉक्टरला माहीत असतं की टेबलावर कोण आहे आणि आपण हे कोणासाठी करतोय. निकल्सनने तेवढंच विचारणं सोडलं होतं. तुमच्या कामाबद्दल हा प्रश्न रोज विचारा: हे कोणासाठी, आणि त्याची किंमत कोण मोजतंय? किंमत मोजणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, नावानिशी. 'टीम' असं म्हणू नका.

वरिष्ठांकडेही जरा नीट पाहा. सायतोच्या डोक्यावर १२ मेची मुदत आहे, ती चुकली तर त्याला आत्महत्या करावी लागणार. भीती वरून खाली झिरपत येते. आपण ती पुढे खाली सोडायची की नाही, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

साहेबांनी विचारलं, "मग काम वाईट करायचं?" नाही. सिनेमा काल्पनिक आहे, पण थायलंड-बर्मा रेल्वे खरी होती. ४१५ किलोमीटर, १९४२-४३ मध्ये बांधलेली. तिच्यावर १२ हजारांहून अधिक युद्धकैदी मेले आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर, त्यात मलायाच्या मळ्यांतले तमिळही. खऱ्या पुलाजवळच्या छावणीत फिलिप टूझी नावाचे ब्रिटिश अधिकारी होते. त्यांनी जपान्यांशी घासाघीस केली ती कैद्यांच्या अन्नासाठी आणि विश्रांतीसाठी. माणसं जगवणं हेच त्यांनी आपलं काम मानलं. त्यांच्या माणसांनी पुलाच्या लाकडाला वाळवी लावली, असंही सांगतात. वाचलेल्या कैद्यांना सिनेमातला कर्नल आवडला नाही, ते मला पटतं.

लाईन नऊ दिवस उशिरा सुरू झाली. साहेब पुन्हा रविवारी घरी असतात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवतात. धडधड अधूनमधून होते, पण ते आता तिला ओळखतात.

मधे त्यांनी विचारलं होतं, त्या मुलाची माफी मागितली तर माझा वचक जाईल का? मी म्हटलं, गेला तर जाऊ द्या. ते त्याच्या घरी गेले. मुलाच्या आईने चहा आणून ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. चहा संपेपर्यंत साहेब तिथे बसून राहिले.